सगळ्या एकदम बसू

बा येणार आहेत हे आदल्या रात्री कळलं. ‘उद्या सासूबाईंना घेऊन येते, चालेल ना?’ एवढाच निरोप. आम्ही चौघी वसतिगृहापासूनच्या मैत्रिणी, ३५ वर्षं झाली. दर दोन-तीन महिन्यांनी एक रविवार आम्ही काढून ठेवतो आणि सकाळी अकरा-साडेअकराला कुठेतरी बसतो, ते दुपार कलेपर्यंत उठत नाही. या बैठकीला आजवर कुणाचा नवरा आला नाही, कुणाची मुलं आली नाहीत. सासू येण्याचा तर प्रश्नच नव्हता. पण या वेळी आम्ही ठरवलेलं हॉटेल ब्रह्मी, म्हणजे ब्रह्मदेशाच्या, आजच्या म्यानमारच्या जेवणाचं होतं, आणि बांचा जन्म रंगूनचा. नाही कोण म्हणणार?

बा म्हणजे आमच्यातल्या एकीच्या गुजराती सासूबाई. वय ७७. माणसं मूळ सुरतेची, पण पुण्यात इतकी वर्षं काढली की मराठी अगदी घरातलं. फक्त आग्रह करायची वेळ आली की त्या नकळत गुजरातीत जातात. बाकी आम्ही तिघी: एक डॉक्टर, एक रत्नागिरीची, आणि मी. श्रावण चालू होता. रत्नागिरीची मैत्रीण एरवी माशाशिवायच्या जेवणाला जेवण म्हणत नाही, पण श्रावण काटेकोर पाळते. बा तर जन्माच्या शाकाहारी. म्हणून सगळंच शाकाहारी मागवायचं ठरलं. बाहेर पाऊस बारीक, पण न थांबणारा. खिडकीपाशी गोल टेबल मिळालं आणि छत्र्या कोपऱ्यात ठिबकत ठेवून आम्ही बसलो.

‘ब्रंच’ हा शब्द १८९५ साली एका इंग्रजी लेखात पहिल्यांदा छापून आला. रविवारी पहाटे उठायची सक्ती नको, न्याहारी आणि जेवण एकत्रच करू, असं त्या लेखकाचं म्हणणं होतं. मला ती वेळ कधी परकी वाटली नाही. माझ्या आजोळी न्याहारी दहाच्या सुमारालाच व्हायची. तांबडं फुटायच्या आत शेतावर गेलेली माणसं घोटभर चहावर तीन-चार तास राबायची. मग आजी भाकऱ्या, ठेचा आणि कालवणाची किटली घेऊन बांधावर जायची. आंब्याखाली सगळे गोलाकार बसायचे. मी सुट्टीत तिच्याबरोबर जायची, म्हणून हे डोळ्यांसमोर आहे. आणि हेही डोळ्यांसमोर आहे की आजी त्या गोलात कधी बसली नाही. ती वाढायची, पाणी द्यायची, रिकामी किटली घेऊन परत यायची, आणि घरी चुलीपुढे एकटी खायची.

आईचं थोडं निराळं होतं, पण फार नाही. रविवारी सकाळी आमच्याकडे थालीपीठ. तवा एक आणि खाणारी तोंडं सहा. थालीपीठ तव्यावरून थेट ताटात पडलं पाहिजे, कडा कुरकुरीत आहेत तोवर लोण्याचा गोळा त्यावर विरघळला पाहिजे. आई ‘गरम आहे तोवर खाऊन घ्या’ म्हणायची आणि आम्ही खायचो. तिचं थालीपीठ सगळ्यांत शेवटी, परातीला चिकटलेलं पीठ खरवडून केलेलं. तोवर आम्ही हात धुऊन पांगलेले असायचो. माझ्या घरात आता सगळे म्हणतात, तूही बस ना. ते मनापासून म्हणतात. पण थालीपीठ करणारी बसली की थालीपीठ थांबतं. माणसं वाईट नसतात. तवा एक असतो.

म्हणून मला या रविवारांचं इतकं अप्रूप आहे. तिथे आम्ही सगळ्या एकदम बसतो. कुणाचा कान कुकरच्या शिट्टीकडे नसतो. एखादीचं वाक्य अर्ध्यावर राहिलं तर ते बोलण्याच्या ओघात राहिलेलं असतं, दूध उतू चाललं म्हणून नव्हे.

पहिल्यांदा आली ती चहाच्या पानांची कोशिंबीर. ब्रह्मी भाषेत ‘लफे थो’. लफे म्हणजे मुरवलेली चहाची पानं, आणि थो म्हणजे हातानं कालवलेलं. चहा पिणारे देश पुष्कळ आहेत, चहा खाणारे फार थोडे. ब्रह्मदेशाच्या शान डोंगरांत पलाउंग लोक चहाची कोवळी पानं खुडतात, वाफवतात, मग बांबूच्या टोपल्यांत किंवा जमिनीतल्या खड्ड्यांत ती दाबून भरतात, वर वजन ठेवतात आणि कित्येक महिने तशीच मुरू देतात. डॉक्टरणीनं हे सांगितल्यावर रत्नागिरीची म्हणाली, ‘म्हणजे चहाचे दडपेच की!’ मला ते फार पटलं. दडपे पोह्यांना ओलं खोबरं नि नारळाचं पाणी लावून तासभर दडपलं की पुरतं. या पानांना पावसाळा उलटावा लागतो. पण युक्ती तीच: विस्तवानं होत नाही ते वजनानं आणि वाट बघून करायचं.

ताटात मधोमध ती काळपट हिरवी पानं आणि भोवती तळलेला लसूण, शेंगदाणे, भाजलेले तीळ, तळलेल्या डाळी, बारीक चिरलेला कोबी, टोमॅटो, हिरवी मिरची, लिंबाची फोड. सगळं वेगवेगळं मांडलेलं. वाढणारा मुलगा दोन चमचे घेऊन कालवायला पुढे झाला, तर बा म्हणाल्या, ‘राहू दे बेटा, मी करते.’ त्यांनी बांगड्या मागे सारल्या, बोटं पाण्यानं ओली केली आणि हातानं कालवायला घेतलं. जोर नाही, घाई नाही. पानं तेलासकट तळातून उचलायची आणि वरून सोडायची. कालवता कालवता त्यांनी सांगितलं की पूर्वी राजाच्या काळात खटल्याचा निकाल लागला आणि तो दोन्हीकडच्यांना मान्य असला, की ते एकत्र बसून लफे खायचे. खाल्लं म्हणजे मिटलं. लग्नाच्या आमंत्रणाबरोबरही लफे पाठवायची रीत. रंगूनला शेजारणीशी खटका उडाला तर त्यांच्या आई लफेची वाटी घेऊन शेजारी जायच्या.

पहिला घास तुरट लागतो, मग आंबूस, मग किंचित कडू. तोवर लसूण आणि शेंगदाणा दाताखाली येतो आणि सगळं जुळतं. मला वाटतं, ही चव पहिल्या घासाला आवडेल अशी नाहीच. तिसऱ्या-चौथ्या घासाला ती आपली होते, आणि तेवढा वेळ माणसानं तिला द्यावा. ब्रह्मी लोकांत एक म्हण आहे: फळांत आंबा, मांसात डुकराचं, पानांत लफे. ‘आंबा पहिला आहे ना, मग बाकी काही म्हणोत,’ रत्नागिरीची म्हणाली.

इथून गाडी रत्नागिरीला गेली, आणि जाणारच होती. ती थिबा पॅलेसच्या वाटेवरच्या घरात वाढली. जांभ्या दगडाच्या त्या वाड्याच्या आवारात ती लहानपणी खेळलेली आहे. मंडाले ही तेव्हाची ब्रह्मदेशाची राजधानी. तिथला राजा थिबा १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांच्या हाती पडला. त्याला आणि राणीला बैलगाडीत घालून नदीवर नेलं, बोटीत बसवलं, आधी मद्रास आणि १८८६ च्या एप्रिलात रत्नागिरी. तेव्हा त्याचं वय २७. वाडा बांधून त्यात राहायला जायला १९१० साल उजाडलं. १९१६ च्या डिसेंबरात तो तिथेच गेला. ३० वर्षं त्यानं समुद्राकडे बघत काढली आणि पुन्हा आपला देश पाहिला नाही. आणि उलट बाजूला, रत्नागिरीतच जन्मलेले टिळक १९०८ पासून १९१४ पर्यंत मंडालेच्या तुरुंगात. १९१०-११ च्या हिवाळ्यात ते तिथे शिसपेन्सिलीनं ‘गीतारहस्य’ लिहीत होते, आणि साधारण त्याच दिवसांत मंडालेचा राजा रत्नागिरीत नव्या वाड्यात सामान लावत होता. शाळेत आम्हाला दोन्ही गोष्टी शिकवल्या, पण वेगवेगळ्या धड्यांत. त्या शेजारी शेजारी ठेवून मी पहिल्यांदा ऐकल्या त्या हिच्या तोंडून, वसतिगृहाच्या गच्चीवर.

पण तिला राजापेक्षा राजकन्येचं जास्त वाटतं. थिबाची थोरली मुलगी वाड्यावरच्या एका मराठी नोकराच्या प्रेमात पडली. त्यांची मुलगी टूटू. ती रत्नागिरीतच मोठी झाली, रत्नागिरीतच संसार केला, गावातल्यासारखं मराठी बोलली, गरिबीत राहिली आणि २००० साली वारली. ‘माझ्या आईनं त्यांना बाजारात कितीदा पाहिलंय,’ ती म्हणाली. ‘आई सांगायची, राजाची नात आहे हो, पण आपल्यासारखीच भाव करते.’ २०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष रत्नागिरीला थिबाच्या समाधीवर आले होते, तेव्हा गाव लोटलं होतं. ती त्या दिवशी मुद्दाम पुण्याहून गेली होती. का, ते तिला नीट सांगता येत नाही. शेजाऱ्याच्या घरी इतक्या वर्षांनी कुणी माणूस आलं, तर आपण जाऊन उभं राहायला नको का, एवढंच म्हणते.

बा हे सगळं ऐकत होत्या. त्यांना थिबा ठाऊक होता, रत्नागिरी ठाऊक नव्हती. ‘आमच्या शाळेत सांगायचे, राजाला दूर हिंदुस्थानात नेलं. कुठे ते नाही सांगायचे.’ आणि मग त्यांनी रत्नागिरीकरणीचा हात हातात घेऊन नुसता थोपटला.

मध्ये शान टोफू येऊन गेला. नाव टोफू, पण सोयाबीनचा नव्हे, चणाडाळीच्या पिठाचा. पीठ पाण्यात कालवून आटवायचं, थापून गार करायचं, वड्या पाडायच्या. सुरळीच्या वड्या करणाऱ्या बाईला यात काही समजावून सांगावं लागत नाही. तोच गरम आणि पातळ असताना शेवयांवर ओतून शान प्रांतात सकाळी खातात, म्हणजे पिठलंच. भाजलेलं बेसन तर त्यांच्या निम्म्या पदार्थांत आहे: कोशिंबिरीत, रश्शात, दाटपणाला. आपल्याकडच्या ‘आग्नेय आशियाई’ म्हणवणाऱ्या बऱ्याच हॉटेलांत एकाच पानावर थाई आमटी, जपानी सुशी आणि कोरियन लोणचं कोंबलेलं असतं, आणि खाणाऱ्याला वाटतं की हा सगळा मुलूख नारळाचं दूध आणि सोया सॉस यांवर चालतो. ब्रह्मदेश आपला शेजारी आहे. मणिपूर, मिझोरम, नागालँड, अरुणाचल यांना त्याची हद्द लागून आहे. १९३७ पर्यंत तो ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता. त्याच्या ताटात आपलं बेसन, आपला पराठा, आपला सामोसा आहे, आणि ते तिथे उपरे राहिलेले नाहीत. हे ओळखीचं नातं चवीतून कळतं, पण त्यासाठी त्या देशाला त्याचं स्वतःचं पान मिळायला हवं.

वाढणारा मुलगा मिझोरमच्या चंफाईचा निघाला. डॉक्टरणीनं विचारलं म्हणून कळलं. तिआऊ नदीच्या अलीकडे त्याचं गाव, पलीकडे म्यानमार, आणि त्याची मावशी पलीकडे. लहानपणी बाजारात थोडी ब्रह्मी कानावर पडली, तेवढी येते म्हणाला. २०२१ साली तिथे लष्करानं सत्ता घेतल्यापासून मावशीच्या गावातली किती माणसं नदी ओलांडून आली, हे तो थोडक्यात सांगून गेला. हातात रिकामी ताटं होती. जास्त थांबता येण्यासारखं नव्हतं.

मग खाव स्वे आला.

मुंबई-पुण्याकडे हा पदार्थ आता लग्नाच्या बुफेतही असतो. नारळाच्या दुधातला पिवळसर रस्सा, त्यात नूडल्स, आणि भोवती दहा-बारा वाट्या: तळलेला कांदा, तळलेला लसूण, कुरकुरीत नूडल्स, दाण्याचं कूट, कांद्याची पात, कोथिंबीर, तिखट, लिंबू. सुरतेला याच पदार्थाला ‘खावसा’ म्हणतात आणि तो तिथे गाडीवर मिळतो. सुरतेत ब्रह्मदेशाचा पदार्थ कसा? माणसांबरोबर आला. १९३१ च्या जनगणनेत रंगूनची निम्म्याहून जास्त वस्ती हिंदुस्थानी होती: तमिळ चेट्टियार, तेलुगू हमाल, बंगाली कारकून, गुजराती आणि सुरती व्यापारी. १९४२ मध्ये जपानी फौजा आल्या तेव्हा लाखो माणसं डोंगर-जंगलांतून पायी हिंदुस्थानात आली, आणि हजारो वाटेतच राहिली. बांचे वडील तसे चालत आलेले. युद्ध संपल्यावर ते पुन्हा रंगूनला गेले, मोगल स्ट्रीटवरचं कापडाचं दुकान पुन्हा उघडलं. ब्रह्मदेश स्वतंत्र झाला त्या १९४८ साली बा जन्मल्या.

‘दुसऱ्या वेळी बोटीनं आलो,’ बा म्हणाल्या. १९६२ मध्ये तिथे लष्कराची राजवट आली. १९६४ च्या मार्चमध्ये दुकानं सरकारजमा झाली. मे महिन्यात ५० आणि १०० च्या नोटा रद्द झाल्या. बांच्या वडिलांनी एका सकाळी दुकानाच्या दारावर शिपाई उभा पाहिला, आणि त्यानंतर ते त्या दारातून आत गेले नाहीत. बंदरावर आईच्या हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून घेतल्या. बा १६ वर्षांच्या होत्या. मद्रासला उतरले तेव्हा सहा माणसांत दोन वळकट्या आणि एक पितळी डबा. अशी लाखो माणसं त्या काळात परतली. डॉक्टरीण शिकायला मद्रासला होती. तिनं तिथल्या बंदराजवळ बर्मा बाजाराच्या आसपास गाडीवरचे ‘अथो’ नूडल्स खाल्लेत, चिंचेच्या पाण्यातले, कोबी नि तळलेला कांदा घातलेले. ते विकणारी माणसं त्याच बोटींतून आलेली. ‘मला तेव्हा फक्त स्वस्त नि पोटभर एवढंच दिसलं,’ ती म्हणाली.

बांच्या घरात खावसा व्हायचाच. सासर सुरतेचंच, त्यामुळे कुणी नाक मुरडलं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत घर भरलं की एक दिवस खावसा. आमची मैत्रीण सून म्हणून त्या घरात गेली तेव्हापासून, म्हणजे ३० वर्षं, हे पाहत आली आहे. टेबलावर वाट्या मांडायच्या, सगळ्यांनी आपापल्या आवडीनं वाडगा भरायचा, आणि बा हातात पातेलं घेऊन उभ्या. कारण रस्सा उकळताच ओतायचा असतो. एक फिरून येईतो पहिल्याचा वाडगा रिकामा. ‘जमी लो, जमी लो, ठंडु थई जशे.’

आत्ताही तेच होऊ लागलं. रश्शाचं भांडं टेबलावर आलं तसा बांचा हात डावाकडे गेला. एकीच्या वाडग्यात त्यांनी ओतलं, दुसरीच्या ओतलं. माझ्या वाडग्याकडे वळल्या तेव्हा सुनेनं त्यांच्या हातातून डाव अलगद काढून घेतला. ‘बा, आधी तुमचं करा. आम्ही थांबतो.’

बा म्हणाल्या, ‘मला काय, मी घेईन नंतर.’

‘नाही. आधी तुमचं.’

बा जरा वेळ नुसत्या वाट्यांकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी वाडगा पुढे ओढला. नूडल्स थोड्याच घेतल्या. वरून रस्सा भरपूर. तळलेला लसूण घेतला, पुन्हा घेतला, आणि तिसऱ्यांदा घेतला. दाण्याचं कूट चिमूटभर. कांद्याची पात घेतली, कोथिंबिरीची वाटी मात्र तशीच पुढे सरकवली. लिंबू पिळलं ते वाडग्यात नाही, चमच्यात, आणि तो चमचा वरून गोल फिरवत सोडला.

सून बघत होती. ‘बा, तुम्हाला कोथिंबीर आवडत नाही?’

‘नाही. पहिल्यापासून नाही.’

‘पण घरी तर...’

‘घरी तुम्हा सगळ्यांना आवडते.’

सुनेनं पुढे काही विचारलं नाही. तिनं समोरची लसणाची वाटी उचलून बांच्या वाडग्याशेजारी ठेवली. मग आम्ही आपापले वाडगे केले आणि पाचजणींनी एकदम पहिला घास घेतला. बराच वेळ कुणी बोललं नाही. पावसाचा आवाज येत होता.

या पदार्थाचं मला हेच आवडतं की करणारी तो निम्मा करून सोडून देते. उरलेला निम्मा खाणाऱ्यानं करायचा. कुणाचा वाडगा कुणासारखा नसतो. रत्नागिरीकरणीचा लालभडक, डॉक्टरणीचा जवळजवळ पांढरा, माझ्यात तळलेल्या कांद्याचा डोंगर. एकाच भांड्यातलं खाऊनही प्रत्येकीला आपलं असं काही मिळतं. आणि माणसाला काय आवडतं हे कळायला त्याला कधीतरी स्वतःचा वाडगा भरताना पाहावं लागतं.

मला वाटलं आता पोटं भरली. पण बांनी मेन्यूवर बोट ठेवलं. ‘हे आहे इथे?’

मोहिंगा. ब्रह्मदेशाची सकाळची न्याहारी म्हणजे मोहिंगा: नदीतल्या माशाचा दाट रस्सा, त्यात केळीचा गाभा, गवती चहा, खाली तांदळाच्या बारीक शेवया, वर दुधीची भजी. इथे तो मासा वगळून केलेला होता. मागवला.

येईतो बा सांगत होत्या. रंगूनला सकाळी त्यांच्या गल्लीत मोहिंगावाली यायची. खांद्यावर कावड, एका बाजूला विस्तवावरची हंडी, दुसऱ्या बाजूला वाडगे आणि शेवया. तिची आरोळी ऐकू आली की समोरच्या घरातली ब्रह्मी मुलं वाडगे घेऊन धावत. बांच्या घरात मात्र त्या वेळी रस्त्यावरच्या खिडक्या लावून घेत. मासा. मोठा भाऊ खाली जाऊन गुपचूप खाऊन यायचा, नळावर चूळ भरायचा आणि वर यायचा. सगळ्यांना कळायचं, कुणी बोलायचं नाही. मुलीनं तसं जाणं शक्य नव्हतं. त्या खिडकीच्या फटीला नाक लावून उभ्या राहायच्या. ‘१६ वर्षं रोज सकाळी वास घेतला,’ बा म्हणाल्या. ‘आजपण डोळे मिटले तर येतो. चव नाही माहीत.’

वाडगा आला. बांनी तो दोन्ही हातांत धरला, वाफेवर तोंड नेलं आणि डोळे मिटले. आम्ही चौघी श्वास रोखल्यासारख्या. मग एक चमचा घेतला. मग दुसरा. भजी मोडून रश्शात बुडवली.

‘वास अर्धाच आहे,’ त्या म्हणाल्या. ‘मासा नाही ना.’ आणखी एक चमचा घेतला. ‘चव चांगली आहे. गवती चहा तोच आहे.’

त्यांनी तो वाडगा पूर्ण संपवला. शेवटचा रस्सा वाडगा कलता करून प्यायल्या. खाव स्वे खाऊन झाल्यावर, वयाच्या ७७ व्या वर्षी, त्यांना तेवढी भूक कुठून आली असेल, हे डॉक्टरणीनंसुद्धा विचारलं नाही.

शेवटी रव्याची वडी आणि चहा. वडी नारळाच्या दुधात शिजवून वर खसखस पेरून भाजलेली. चहा त्यांच्या पद्धतीचा, कंडेन्स्ड मिल्क घातलेला, दाट आणि गोड. बांनी सांगितलं की रंगूनच्या चहाच्या दुकानांत साध्या हिरव्या चहाची किटली टेबलावर आपोआप येते, तिचे पैसे नसतात, आणि एका कपावर माणूस अख्खी सकाळ बसला तरी कुणी उठ म्हणत नाही. पोऱ्याला बोलवायचं तर ओठांनी पापा घेतल्यासारखा आवाज करायचा. त्यांनी तो करून दाखवला आणि स्वतःच हसल्या. मंडालेला २०२५ च्या मार्चमध्ये ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा टीव्हीवर पडलेले पॅगोडे पाहून त्या दोन दिवस जेवल्या नव्हत्या, हे सुनेनं हळू आवाजात मला सांगितलं. बांचं तिकडे आता कुणीही नाही.

अडीच वाजत आले होते. हॉटेल रिकामं झालं होतं. आम्ही अजून तासभर बसण्याच्या बेतात होतो, कारण रत्नागिरीकरणीच्या मुलीचं लग्न हा विषय नुकताच निघाला होता. चंफाईचा मुलगा कप उचलायला आला. बांनी मान वर करून त्याला विचारलं, ‘थमिन सा पीबीला?’

तो चमकला. मग त्याचा सगळा चेहरा हसला. ब्रह्मी माणसं भेटल्यावर एकमेकांना हेच विचारतात: भात खाल्लास का? आपण ‘जेवलात का’ विचारतो तसंच. त्याचं उत्तर ‘हो, खाल्ला’ असंच द्यायचं असतं. पण त्यानं मान हलवली आणि हिंदीत म्हणाला, ‘नहीं बा, अभी नहीं. सब मेहमान जाएँगे, फिर हम लोग बैठेंगे.’

सकाळी आठपासून तो उभा होता. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. आत स्वयंपाकघराच्या दारात आणखी तिघं उभे होते, एकाच्या हातात झाकलेली थाळी.

बांनी पर्स उघडली. डॉक्टरणीनं बिल मागवलं. रत्नागिरीकरणीनं छत्र्या गोळा केल्या, आणि लग्नाची गोष्ट आम्ही पुढे पार्किंगमध्ये, पावसात, उभ्यानं पूर्ण केली.